नागीण बाहेरून येत नाही

सुगीचे दिवस असतात. घरातली सारी माणसे शेतावर गुंतलेली. अशा वेळी एके दिवशी सकाळी आजी सुनेला हाक मारते, "अगं सूनबाई, कालपास्नं हितं बरगडीखाली आग आग हुतीया. बघ बरं, काय किडाबिडा फिरलाय का?"

सून पदर बाजूला सारून पाहते. अंगावर काहीच दिसत नाही. "आत्याबाई, काईच न्हाई. उसण भरली असंल. तेल लावते थोडं." पण तेलाचा हात लागताच आजी कळवळते. लुगड्याचा स्पर्शही तिला सोसवत नाही.

दोन दिवसांनी त्याच जागी लालभडक चट्टे उठतात. त्यांवर मोहरीएवढे, पाण्याने भरलेले फोड झुबक्याझुबक्याने येतात. पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीवरून पोटाकडे वळलेला एक पट्टाच तयार होतो. शेजारीण डोकावते आणि तोंडाला पदर लावून हळूच म्हणते, "बाई गं, ही तर नागीण!"

वाचकहो, हा प्रसंग तुमच्यापैकी कित्येकांनी आपल्या घरी नाही तर भावकीत पाहिला असेल. पुढे काय होते तेही तुम्हांला ठाऊक आहे. कोणी गेरू आणतो, कोणी दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप देतो, कोणी पलीकडच्या गावच्या मंत्र घालणाऱ्याकडे निघतो. आणि सगळ्यांच्या मनात एकच धास्ती असते, की नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळाले तर माणूस हाती लागत नाही.

या धावपळीत तीन दिवस निघून जातात. हे तीन दिवस फार मोलाचे असतात. ते का मोलाचे, हे समजायचे तर नागीण मुळात येते कोठून, हे आधी पाहिले पाहिजे.

कांजिण्या जातात कोठे?

लहानपणी अंगावर कांजिण्या आलेल्या तुम्हांला आठवत असतील. ताप, अंगभर पाण्याचे फोड, कडुलिंबाचा पाला, आठ-दहा दिवसांत खपल्या, आणि मग पोर पुन्हा उंडारायला मोकळे. आपण म्हणतो, कांजिण्या गेल्या. खरे पाहता त्या गेलेल्या नसतात. त्या फक्त दिसेनाशा होतात.

कांजिण्या एका विषाणूमुळे येतात. विषाणू म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा रोगजंतू. कांजिण्यांचे फोड सुकतात तेव्हा हा विषाणू कातडीतल्या बारीक नसांच्या वाटेने आत शिरतो आणि पाठीच्या कण्याला लागून असलेल्या नसांच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तेथे तो काहीच करीत नाही. ना ताप, ना दुखणे. चाळीस वर्षे, पन्नास वर्षे, साठ वर्षेही तो तसाच पडून राहतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. रानातला लव्हाळा आपण खुरपून काढतो, वरून रान स्वच्छ दिसते, पण खाली मातीत त्याची गाठ शिल्लक असते. दिवस अनुकूल आले की तीच गाठ पुन्हा फुटते. कांजिण्यांच्या विषाणूचे नेमके असेच आहे. म्हातारपणी तो गाठीतून जागा होतो, ज्या नसेच्या मुळाशी बसला होता त्याच नसेच्या वाटेने बाहेर सरकतो, वाटेत नसेला सूज आणतो आणि शेवटी कातडीवर फोड उठवतो. हीच नागीण. फोड दिसण्याआधी दोन-चार दिवस आजीला आग का होत होती, याचा उलगडा येथेच होतो. विषाणू तेव्हा नसेत होता, कातडीपर्यंत पोचायचा होता.

म्हणून नागीण बाहेरून येत नाही. ती कोणाच्या नजरेने, शापाने, विटाळाने किंवा साप मारल्याच्या पापाने येत नाही. ती आपल्याच लहानपणच्या कांजिण्यांची राहिलेली गाठ असते.

एका गावच्या डॉक्टरची वही

हे कोडे कसे सुटले, तेही ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरी देशातल्या बुडापेस्ट शहरी बोकाय नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या ध्यानात आले, की घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येतात. दोन्ही रोगांचे मूळ एकच असावे, अशी शंका तेथून बळावली. पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील थॉमस वेलर या शास्त्रज्ञाने दोन्ही रोगांच्या फोडांतून विषाणू वाढवून पाहिला. तो एकच निघाला.

परंतु नागीण म्हाताऱ्यांनाच अधिक का होते, याचे उत्तर मोठ्या प्रयोगशाळेत सापडले नाही. ते सापडले इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या बाजारगावी दवाखाना चालविणाऱ्या एडगर होप-सिम्पसन या साध्या डॉक्टराच्या नोंदवहीत. त्याच्याकडे उपचाराला येणाऱ्या कुटुंबांतील माणसे सुमारे साडेतीन हजार. १९४७ पासून पुढे सोळा वर्षे त्याने नागिणीचा प्रत्येक रुग्ण टिपून ठेवला. एकूण भरले १९२. त्यांची वयाप्रमाणे मांडणी केली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. दहा वर्षांखालील मुलांत वर्षाला हजारी एकसुद्धा रुग्ण नव्हता. ऐंशी ते नव्वद वयाच्या माणसांत मात्र हजारी सुमारे दहा.

१९६५ साली त्याने आपला निष्कर्ष छापला. विषाणू नसांच्या गाठींत दडून असतो, शरीराची राखण त्याला दाबून ठेवते, आणि वयाबरोबर ती राखण ढिली पडली की तो उठतो, असे त्याचे म्हणणे होते. हा त्या वेळी तर्कच होता. पुढे १९८३ साली माणसाच्या नसांच्या गाठींत या विषाणूचा अंश प्रत्यक्ष सापडला आणि गावच्या डॉक्टरचा तर्क खरा ठरला.

राखण ढिली का पडते?

आता ही राखण म्हणजे काय? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही पेशी रोगजंतूंवर जणू पहारा ठेवतात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. या राखणदार पेशींची ती शाळाच म्हणा ना. आपले कोण आणि परके कोण, हे त्या तेथे शिकतात. लहानपणी ही ग्रंथी चांगली मोठी असते. वयात आल्यावर ती आकसू लागते आणि साठी गाठेपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते.

याचा अर्थ असा, की म्हातारपणी नवे राखणदार फार थोडे तयार होतात. जुन्यांवरच काम भागवावे लागते. त्यांची संख्या घटते, चपळाई कमी होते. गावात तरुण पोरे राहिली नाहीत आणि रानाची राखण चार म्हाताऱ्यांवर आली, तर जे होते तेच येथेही होते.

येथे एक बारकावा आहे. विषाणूशी लढणारी काही द्रव्ये रक्तात फिरत असतात. कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धची ही द्रव्ये म्हातारपणीही बऱ्यापैकी टिकून असतात. तरीही नागीण होतेच. कारण नसेच्या गाठीतला विषाणू दाबून ठेवण्याचे काम मुख्यत्वे राखणदार पेशींचे, आणि त्याच वयाबरोबर थकतात.

ही गोष्ट नागिणीपुरतीच नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तरुणांपेक्षा म्हातारी माणसे कितीतरी अधिक दगावली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. फ्लूचेही तसेच. नवा विषाणू आला तर थकलेली राखण त्याला वेळेवर ओळखत नाही, आणि जुना दडलेला असेल तर तिला तो आवरत नाही.

वयाखेरीज आणखीही कारणे आहेत. ताब्यात नसलेला मधुमेह, कर्करोग व त्याचे उपचार, स्टेरॉईडच्या गोळ्या, एच.आय.व्ही. यांनीही राखण ढिली पडते. म्हणून तरुण माणसाला नागीण झाली, तर लाज न बाळगता डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करून घ्याव्यात.

तोंड-शेपूट का मिळत नाही?

आपल्या कण्यातून नसांच्या जोड्या निघतात. एक उजवीकडे जाते, एक डावीकडे. प्रत्येक नस आपापल्या बाजूची कातडी सांभाळते, जसा बांधाच्या अलीकडचा तुकडा एकाचा आणि पलीकडचा दुसऱ्याचा. नागीण बहुधा एकाच बाजूच्या नसेवर उठते, म्हणून ती शरीराच्या मध्यरेषेवर येऊन थांबते. तिने विळखा पूर्ण करावा अशी शरीराची रचनाच नाही.

मग मंत्राने गुण येतो तो कसा? फोड आपण होऊनच दोन ते चार आठवड्यांत सुकतात. मंत्र घातला तरी सुकतात, न घातला तरी सुकतात. श्रेय मात्र मंत्राला मिळते.

क्वचित फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरतात. ती विळख्याची करणी नव्हे. राखण फारच खालावल्याची ती खूण आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

तीन दिवसांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. नागिणीवर औषध आहे. एसायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. एसायक्लोव्हिर ज्या संशोधनातून निघाले त्यात अग्रभागी असलेल्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे औषध दडलेला विषाणू मारीत नाही, पण उठलेल्याला पसरू देत नाही. त्यामुळे फोड लवकर सुकतात आणि नसेची नासाडी कमी होते.

मात्र पुराचे पाणी शिरण्याआधी बांध घालावा तसे हे आहे. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांत, औषध सुरू झाले तर त्याचा खरा उपयोग. गेरू आणि मंत्र यांत जातात ते हेच तीन दिवस. कोणाला उशीर झालाच असेल तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये. नवे फोड येत असतील किंवा डोळा दुखत असेल, तर डॉक्टर त्यानंतरही औषध देतात.

गोळ्या मनाने आणून घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलावी लागते, तेव्हा ते डॉक्टरांना आधी सांगावे. सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत गोळ्या घ्याव्यात, भरपूर पाणी प्यावे. फोड फोडू नयेत, डाग देऊ नये, शेण-राख लावू नये. त्याने जखम चिघळते. जागा साध्या पाण्याने स्वच्छ ठेवून कोरडी करावी आणि अंगात सैल सुती कपडा असावा.

आणखी एक सावधगिरी. छातीत दुखू लागले, घाम फुटला, जीव घाबरा झाला, तर "नागीण असेल, फोडांची वाट पाहू" असे कधीही म्हणू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

डोळ्याला जपा

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर ते अधिक काळजीचे. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेच्या फांद्या जातात. शेंड्यावर फोड दिसला की डोळ्यालाही धोका पोचण्याचा संभव फार असतो. उपचार न झाल्यास नजर जाऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. कानाभोवती फोड येऊन तोंड एका बाजूला वाकडे झाले, तरीही उशीर करू नये.

फोड गेले, दुखणे राहिले

खपल्या पडल्या की घरातल्यांना वाटते, संपले. पण काही जणांची नस विषाणूने इतकी दुखावलेली असते, की कातडी बरी झाल्यावरही आग, ठणका आणि विजेच्या झटक्यासारख्या कळा महिनोन् महिने चालू राहतात. अमेरिकेतील आकडे पाहिले तर नागीण झालेल्या शंभरांपैकी दहा ते अठरा जणांना हे भोगावे लागते. जितके वय अधिक, तितका हा धोका अधिक.

येथे घरातल्यांची परीक्षा असते. वरून अंगावर काही दिसत नाही. म्हातारे माणूस रात्ररात्र बसून काढते. चोळी-सदरा अंगाला लागू देत नाही, जेवण तुटते. आणि कोणीतरी बोलून जाते, "फोड तर कधीच बरे झाले, आता कशाला कण्हतोस आबा?" असे बोलू नका. ते दुखणे सोंग नव्हे. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला पुरत नाहीत. नसांच्या दुखण्याची औषधे निराळी असतात, ती डॉक्टरांकडून घ्यावीत. आणि तुमचे म्हणणे आम्हांला पटते आहे, एवढे तरी त्या माणसाला कळू द्यावे.

घरातल्या इतरांनी काय करावे?

नागीण एकाची दुसऱ्याला होत नाही. मात्र ओल्या फोडांतले पाणी लागले, तर ज्याला पूर्वी कांजिण्या आल्या नाहीत किंवा त्यांची लस मिळालेली नाही, त्याला कांजिण्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावेत, टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत आणि सेवा करणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. कांजिण्या न आलेल्या गरोदर बाईने व तान्ह्या मुलाने तेवढे दिवस दूर राहावे. पण रुग्णाला गोठ्यात किंवा पडवीत एकटे टाकण्याचे कारण नाही. जवळ बसून बोलल्याने नागीण लागत नाही.

ही गोष्ट देवीच्या रोगाशी ताडून पाहण्यासारखी आहे. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. देवीचा विषाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगात दडून राहत नसे, म्हणून त्याचे निर्मूलन झाले. कांजिण्यांचा विषाणू मात्र आजोबांच्या नसेत पन्नास वर्षे थांबतो आणि नागिणीच्या वाटेने बाहेर येऊन नातवापर्यंत पोचतो.

लस आहे काय?

आहे. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली कांजिण्यांचा विषाणू दुबळा करून मुलांसाठी लस केली. त्याच जातीची, पण निदान चौदा पट जोरकस लस पुढे म्हाताऱ्यांसाठी निघाली. २००५ साली अडतीस हजारांवर माणसांवरील चाचणीचा निकाल आला. नागिणीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. पण साठ ते एकोणसत्तर वयात जी लस सुमारे ६४ टक्के गुण देई, तीच सत्तरीपुढे ३८ टक्क्यांवर येई. लस तीच होती. तिला साद देणारी राखण मात्र थकलेली होती.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. नव्या लसीत जिवंत विषाणू नाही, त्याचा फक्त एक तुकडा आहे. शिवाय झोपलेल्या राखणदारांना उठवण्यासाठी हलगी वाजवावी तशी काही उत्तेजक द्रव्ये तीत घातली आहेत. त्यांतले एक दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या सालीतून काढतात. त्या सालीला आपल्या रिठ्यासारखा फेस येतो. या लसीने पन्नाशीपुढच्या माणसांत ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले, आणि सत्तरीपुढेही सुमारे ९० टक्के.

ही लस २०२३ पासून आपल्या देशात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन टोचण्या घ्याव्या लागतात. दंड दुखतो, एखादा दिवस कणकणही येते. लस महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक घराला ती परवडेल असे नाही. घरी मधुमेही किंवा वयस्क माणूस असेल तर डॉक्टरांशी बोलून, किंमत विचारून ठरवावे.

ज्यांना लस परवडत नाही त्यांच्याही हाती बरेच आहे. साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू-विडी सोडणे, पुरेशी झोप, आणि ताटात भाकरीबरोबर डाळ, उसळ, दूध, चालत असेल त्याला अंडे. म्हाताऱ्याला "आता काय खायचे वय आहे" म्हणून कोरड्या भाकरीवर ठेवणे योग्य नाही. राखणदारालाही शिदोरी लागते. मात्र कोणी "ही पुडी घ्या, नागीण कधी होणार नाही" असे सांगू लागला, तर त्याच्यावर पैसे घालवू नका.

वाचकहो, वार्धक्य टळत नाही, आणि लहानपणी अंगात शिरलेला विषाणूही बाहेर काढता येत नाही. पण फोड दिसल्यावर पहिले पाऊल कोठे टाकायचे, हे आपल्या हाती आहे. उद्या आजी म्हणाली, की एकाच अंगाला आग होतेय, तर रोज तेथली कातडी उजेडात पाहा. फोड दिसले तर त्याच दिवशी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. वाट ठाऊक नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा. सुगी असली तरी मळणी एक दिवस थांबेल. नागिणीचे तीन दिवस थांबत नाहीत.